तारापूरची स्मृती: ज्ञान यंत्रात असते की नोंदीत?

१/ २८ ऑक्टोबर १९६९. तारापूर येथे भारतातील पहिल्या अणुवीज केंद्राचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. दोन्ही अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने उभारून भारताच्या स्वाधीन केल्या होत्या.

२/ यंत्रांसोबत नकाशे आले, पुस्तिका आल्या. परंतु अडलेल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा पुस्तिकेत नव्हे, ती लिहिणाऱ्याच्या अनुभवात असते.

३/ १९७४ मध्ये पोखरणची चाचणी झाली आणि अमेरिकेने हात आखडता घेतला. इंधनाचा पुरवठा अडला, तांत्रिक साहाय्यही दुरावले. आता विचारायचे कोणाला? देखभाल-दुरुस्तीचे ज्ञान तारापूरच्या अभियंत्यांना स्वतःच घडवावे लागले.

४/ असे ज्ञान इतरांपर्यंत पोहोचले नाही तर? १९७७ मध्ये ओहायोतील डेव्हिस-बेसी केंद्रात एक झडप उघडीच अडकली. अनर्थ टळला, मात्र धडा इतर केंद्रांच्या चालकांपर्यंत गेला नाही. २८ मार्च १९७९ रोजी थ्री माइल आयलंड येथे तशीच झडप अडकली आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला.

५/ १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिले विकी सुरू केले: वाचणाऱ्यालाच पान सुधारता यावे, ही कल्पना. आज कंपन्या कन्फ्लुअन्स, शेअरपॉइंट, मीडियाविकी यांची तुलना करतात. खरी कसोटी जुनीच आहे: रात्रपाळीच्या चालकाला नोंद वेळेत सापडते का? ती कोणी, केव्हा बदलली हे कळते का?

६/ २०१९ मध्ये तारापूरच्या त्या भट्ट्यांनी पन्नाशी गाठली. त्यांची पहिली पाळी सांभाळणारे तोवर केव्हाच निवृत्त झाले होते. त्यांच्या नोंदी मात्र निवृत्त होऊन चालणार नव्हते.