नाटक कंपनीच्या पगारावर कोण कोण होतं?

मागच्या जूनमध्ये माझा एक जुना विद्यार्थी वडिलांना घेऊन घरी आला. शाळेच्या स्नेहसंमेलनात रमणारं पोरगं, पुढे नाट्यशास्त्र घेऊन पदवीधर झालं. वडील फर्निचरला पॉलिश करतात. चहा यायच्या आतच ते म्हणाले, "मॅडम, तीन साल नाटक पढ्या. अब इसकू नौकरी कौन देंगा?"

मी पटकन बोलून गेले, "बीएड कर बाबा." वीस वर्षांपूर्वी मला कुणीतरी हेच सांगितलं होतं आणि मी ऐकलं होतं. पोराचा चेहरा उतरला. ते गेल्यावर मलाच चैन पडेना. नाटकावर घरं कधी चाललीच नाहीत का?

चालली होती, आणि आपल्या लोकांचीही चालली होती. मुंबईत 1853 पासून पारशी रंगभूमी उभी राहिली. पुढे तिची भाषा मुख्यतः उर्दू-हिंदुस्तानी झाली. या कंपन्या नाटककाराला पगारावर ठेवत आणि त्याला 'मुन्शी' म्हणत. आगा हश्र काश्मिरी हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. उर्दूच्या वर्गात मी त्यांना 'साहित्यिक' म्हणून शिकवते. पण ते कंपनीसाठी, तिच्या नटांसाठी आणि पिटातल्या प्रेक्षकासाठी लिहिणारे व्यावसायिक लेखक होते, हे वर्गात सांगायचं राहूनच जातं.

मराठी संगीत नाटकाचं चित्र थोडं वेगळं. इथे नाटककाराच्या हाती बहुधा दुसरी एखादी नोकरी असे. देवल शिक्षक होते, खाडिलकर 'केसरी'त. मात्र कंपनी म्हणजे एक फिरतं गावच. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी 1913 मध्ये गंधर्व नाटक मंडळी काढली. आपल्याला आठवतात ते बालगंधर्वांचे शालू. पण त्यांच्या गाण्यामागे तबल्यावर उस्ताद अहमदजान थिरकवा होते आणि सारंगीवर कादरबक्ष. रामाचं आणि कृष्णाचं नाटक, साथीला खाँसाहेब, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. शिवाय कपडेपट सांभाळणारे, रंगभूषा करणारे, पडदे ओढणारे, तिकिटं फाडणारे आणि एवढ्या सगळ्यांना जेवू घालणारे आचारी. नाटकात 'करिअर' म्हणजे नट होणं, हा समज आपण नंतर करून घेतला.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर याच जगातले. मिस्त्री घराण्यातला हा माणूस. चुलतभाऊ आनंदरावांबरोबर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचा. त्या रंगाच्या हातांनीच पुढे सिनेमाचा कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांच्याकडे तयार झालेले व्ही. शांताराम लहानपणी गंधर्व मंडळीत होते.

मात्र हे सगळं सोनेरी करून सांगणं म्हणजे त्या बापाला फसवणं होईल. गंधर्व मंडळी कर्जात बुडाली. 1931 मध्ये 'आलम आरा' आला आणि बोलपटाने एकेक कंपनी मोडत नेली. अनेकांचा रोजगार गेला. जे तरले, त्यांच्या हातात दुसरीकडे चालणारं कसब होतं. टेंबे 'अयोध्येचा राजा'ला संगीत द्यायला गेले आणि आगा हश्रही सिनेमासाठी लिहू लागले. 'आलम आरा' लिहिणारे जोसेफ डेव्हिडसुद्धा पारशी रंगभूमीवरचेच.

कंपनी गेल्यावर शिकायचं कुठे, हा प्रश्न उरला. दिल्लीत 1959 मध्ये राष्ट्रीय नाट्य विद्यालय सुरू झालं. 1962 ते 1977 या काळात त्याचे संचालक होते इब्राहिम अल्काझी. जन्म पुण्याचा, घरात अरबी. त्यांच्या शिस्तीच्या गोष्टी प्रसिद्ध आहेत. त्यांच्याकडे नटालाही नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा शिकावी लागे. कंपनीत जे नकळत हाताला लागायचं, ते त्यांनी अभ्यासक्रमात आणलं. 1964 मध्ये विद्यालयाचं पगारी नटांचं रेपर्टरी मंडळ निघालं आणि 1989 मध्ये मुलांसोबत नाटक करणारा विभाग. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 चं. माझ्या बीएडच्या पुस्तकात 'नाट्यीकरण पद्धत' होती जेमतेम एक पान, आणि मी इतकी वर्षं वर्गात तेवढंच वापरत आले. ते काम माझ्यापेक्षा नीट करील असा माणूस माझ्यासमोर बसला होता आणि मी त्याला माझ्यासारखं व्हायला सांगत होते.

रविवारी दोघांना पुन्हा बोलावलं. बाबूराव पेंटरांची गोष्ट सांगितली, कर्जाचीही सांगितली. मग पोराला म्हटलं, "तू तीन वर्षांत काय काय केलंस ते दाखव." त्याने मोबाइलवर शेवटच्या वर्षीच्या नाटकाचे फोटो काढले. त्यात तो स्वतः कुठेच नव्हता. मागे एक जुना वाडा होता. लाकडी खांब, कमान, झिजलेला उंबरठा. सगळं प्लायवुडचं, म्हणाला.

वडिलांनी चष्मा लावला. फोटो मोठा करून खांब पाहिला, मग उंबरठा. बराच वेळ पाहिला.

"ये पॉलिश कौन मार्‍या?"

"मैंच मार्‍या, अब्बा."

"हात दो बार फिराना था," ते म्हणाले, आणि पुढचा फोटो बघायला लागले.