ताउल: भिंत एकीकडे, चित्र दुसरीकडे

स्पेनमधील कातालोनियात, पिरेनीज पर्वताच्या बोई खोऱ्यात ताउल हे लहानसे गाव आहे. तेथील संत क्लेमंटच्या चर्चचा काळ ठरवायला फार कागद चाळावे लागत नाहीत. त्याची नोंद आतल्या खांबावरच रंगवलेली होती. १० डिसेंबर ११२३ रोजी बिशप रामोन याने या चर्चची प्रतिष्ठापना केली आणि दुसऱ्या दिवशी गावातल्याच संत मारियाच्या चर्चची.

इमारत रोमनेस्क शैलीची आहे. जाड दगडी भिंती, गोल कमानी, लाकडी छप्पर आणि शेजारी सडपातळ, उंच घंटाघर. कार्ल्याचे चैत्यगृह पाहिलेल्या वाचकाला आराखडा चटकन उमगेल: लांबट दालन, दोन स्तंभरांगा, टोकाला अर्धगोल. साम्य केवळ आकाराचे, नात्याचे नव्हे. शिवाय येथे अर्धगोल तीन आहेत. मधल्याच्या घुमटीत ख्रिस्ताचे भव्य चित्र होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी या डोंगराळ भागातील भित्तिचित्रांवर व्यापाऱ्यांची नजर गेली. मूर येथील चर्चची चित्रे अमेरिकेत, बॉस्टनच्या संग्रहालयात पोचली. तेव्हा बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळाने उरलेली चित्रे विकत घेतली आणि १९१९ ते १९२३ या काळात इटालियन कारागिरांकरवी उतरवली. चित्रावर सरसाने कापड चिकटवायचे, ते वाळले की रंगाच्या थरासह सोलून काढायचे, गुंडाळून न्यायचे, अशी ही रीत.

परिणाम विचित्र झाला. बार्सिलोनात चित्र खरे, पण त्यामागचा अर्धगोल लाकडी सांगाड्यावर नव्याने उभारलेला. ताउलला अर्धगोल खरा, पण त्यावर पुढे अनेक वर्षे नक्कल. २०१३ पासून नक्कलही गेली. आता मूळ भिंतीवर प्रकाशझोताने चित्र दाखवतात.

मंडळाला दोष देणे सोपे आहे. पण पर्याय ‘चित्र गावात राहणे’ हा नव्हता, मूरसारखे समुद्रापार जाणे हा होता. तरीही किंमत गावाने मोजली, हे विसरू नये. हे चित्र त्या वक्र भिंतीसाठी आणि तिच्यासमोर गुडघे टेकणाऱ्या माणसांसाठी काढलेले होते. सोलून नेता आला तो रंग. जागा नेता आली नाही. म्हणून वारशाची नोंद करताना वस्तूबरोबर तिच्या जागेचीही नोंद करावी, हा धडा मी ताउलकडून घेतला.