मातीचे कबूतर

अमेरिकेच्या ईशान्येकडील ज्या प्रांतांस न्यू इंग्लंड म्हणतात, तेथे शरदऋतू हा बंदुकीचा ऋतू होय. मेपलची पाने तांबडी होऊ लागली, की गावोगावच्या नेमबाजी-मंडळांच्या मैदानांवर सुटीच्या दिवशी बार ऐकू येऊ लागतात. रानपक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम जवळ आलेला असतो. त्यापूर्वी स्वस्थ बसलेला हात वळणावर आणावा, हा त्यातला मूळ हेतू. परंतु ह्या मैदानांवर पक्षी पडत नाही. यंत्रातून सुमारे 11 सेंटिमीटर व्यासाची एक तबकडी भिरभिरत सुटते आणि छऱ्यांनी तिचा चुरा होतो. तिचे नाव 'मातीचे कबूतर'. आज ती डांबर व चुनखडीची भुकटी ह्यांच्या मिश्रणाची करतात. म्हणजे माती तिच्यात उरलेली नाही, आणि कबूतर तर त्यापूर्वीच गेले. भाषेतून मात्र दोहोंपैकी एकही गेले नाही. तबकडीस मैदानावर 'पक्षी' म्हणतात, व ती फुटली की गुण मोजणारा 'मेला' असे पुकारतो.

हे शब्द इंग्लंडातून आले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे जिवंत कबुतरांवर नेम धरण्याच्या पैजा सुरू झाल्या. पकडलेले कबूतर पेटीत कोंडावयाचे, नेमबाजाने 'ओढ' म्हणताच दोरीने झाकण ओढावयाचे आणि उडालेल्या पक्ष्यावर बार टाकावयाचा, एवढाच तो खेळ. आजही तबकडी सोडविण्यासाठी 'पुल' अशीच आरोळी देतात. दोरी जाऊन विजेची कळ आली तरी हाक बदलली नाही. 1900 साली पॅरिसला ऑलिंपिकच्या वेळी ह्याच खेळात सुमारे 300 कबुतरे मारली गेली, आणि लिऑन द लुंदन नामक बेल्जियन गृहस्थाने 21 पक्षी पाडून पहिला क्रमांक मिळविला. इंग्लंडात 1921 साली कायद्याने ही चाल बंद झाली.

अमेरिकेत ह्या खेळास जे कबूतर सापडले, त्याची कथा अधिक विदारक आहे. तेथील प्रवासी कबूतर अब्जांनी मोजावे इतके होते; त्यांचे थवे जाऊ लागले म्हणजे सूर्य झाकोळून जाई. जाळ्यांत धरलेली ही कबुतरे आगगाडीने शहरांकडे रवाना होत. काही खाटकाकडे, काही नेमबाजांकडे. 1881 साली न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंड येथे भरलेल्या एका मेळाव्यासाठी सुमारे 20,000 प्रवासी कबुतरे आणली होती. तो मेळावा भरविणारी संस्था मासे व शिकारीचे प्राणी ह्यांच्या रक्षणासाठी स्थापन झालेली होती, हे वाचून हसावे की काय करावे, हे समजत नाही.

कबुतरास पर्याय शोधण्याचे प्रयत्न ह्यापूर्वीच सुरू झाले होते. प्रथम काचेचे पोकळ गोळे आले. कॅप्टन बोगार्डस ह्या विख्यात नेमबाजाने 1877 च्या सुमारास ते फेकण्याचे यंत्र सुधारले. काही गोळ्यांत तर पिसे भरलेली असत; गोळा फुटताच ती हवेत उधळत व पक्षी पाडल्याचे समाधान मिळे. परंतु गोळ्याला पक्ष्याची गती येईना, आणि मैदानभर काचांचा खच पडे. 1880 साली सिनसिनाटी येथील जॉर्ज लिगोस्की ह्यांनी भाजलेल्या मातीच्या चपट्या तबकडीचे पेटंट घेतले. ती पाण्यावर फेकलेल्या खापरीसारखी हवेत तरंगत जाई. आरंभी ती इतकी कडक भाजली जाई, की छरे लागूनही फुटत नसे. डांबर व चुनखडीचे मिश्रण निघाल्यावर तो दोष गेला.

आता दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्या. मातीचे कबूतर 1880 साली सिनसिनाटीत जन्मले. त्याच सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात 1914 च्या सप्टेंबरच्या 1 तारखेस मार्था नावाची मादी मेली, आणि प्रवासी कबुतराची जात पृथ्वीवरून नाहीशी झाली. हा पालट केवळ भूतदयेने घडला असे म्हणावयास मन धजत नाही. हेन्री बर्ग ह्यांनी 1866 साली न्यूयॉर्कला प्राण्यांच्या छळाविरुद्ध संस्था काढून अशा पैजांवर टीकेची झोड उठविली, ती निष्फळ गेली नाही. तथापि, पेन्सिल्व्हेनियासारख्या राज्यात जिवंत कबुतरांच्या पैजा एकविसाव्या शतकातही कोठे कोठे चालू राहिल्या. माझ्या मते दयेपेक्षा टंचाईचा व किमतीचा वाटा मोठा होता. कबूतर मिळेनासे झाले. तबकडी स्वस्त होती, आणि हवी तेव्हा मिळे.

शरदाशी ह्या खेळाचे नाते जोडले ते मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर गावच्या चार्ल्स डेव्हिस ह्यांनी. ग्राऊज हा आपल्या तित्तिराच्या कुळातला पक्षी पानगळीच्या रानातून पायाशीच भर्रकन उठतो, व कोणत्या बाजूस जाईल ह्याचा नेम नसतो. एकाच दिशेने पुढे जाणाऱ्या तबकडीने त्याचा सराव कसा व्हावा? म्हणून 1920 च्या सुमारास डेव्हिस, त्यांचा मुलगा व विल्यम हार्नडन फॉस्टर हा त्यांचा तरुण सोबती ह्यांनी 25 यार्ड त्रिज्येचे वर्तुळ आखले, त्यावर घड्याळाच्या तबकाप्रमाणे 12 जागा ठरविल्या आणि बाराच्या ठिकाणी यंत्र बसविले. प्रत्येक जागेवरून दोन बार. काडतुसांच्या पेटीत 25 काडतुसे असत, तेव्हा उरलेले एक मधोमध उभे राहून झाडावयाचे. पुढे शेजारच्या जागेत कोणी कोंबड्या पाळल्या. छरे तिकडे जाऊ लागले, तेव्हा वर्तुळ अर्धे करणे प्राप्त झाले; समोरासमोर दोन यंत्रे बसवून फॉस्टर ह्यांनी ती अडचण सोडविली. खेळाचे आजचे रूप त्या शेजाऱ्याच्या कोंबड्यांनी घडविले, असे म्हटले तरी चालेल.

1926 साली फॉस्टर ह्यांनी आपल्या मासिकांतून हा खेळ प्रसिद्ध केला व त्यास नाव सुचविणारास 100 डॉलरांचे बक्षीस लावले. मोंटानाच्या गर्ट्रूड हर्लबट ह्या बाईंनी सुचविलेला 'स्कीट' हा शब्द पसंत पडला. नेम मारणे ह्या अर्थाच्या जुन्या स्कँडिनेव्हियन शब्दाचे ते रूप, असे तेव्हा सांगण्यात आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विमानांतील तोफाळ ह्याच खेळावर तयार झाले, आणि 1968 साली मेक्सिकोत तो ऑलिंपिकमध्ये आला. आंतरराष्ट्रीय सामन्यांत बंदूक कमरेशी धरूनच तबकडीची वाट पाहावी लागते, व ती हाक दिल्यावर तत्काळ सुटेल की तीन सेकंदांनी, हे ठाऊक नसते. रानातला ग्राऊज नियमाच्या पुस्तकात शिरला तो असा.

आपल्याकडेही असाच एक पालट एकाच घराण्यात दिसतो. बिकानेरचे महाराजा गंगासिंह ह्यांच्या गजनेर येथील भटतीतरांच्या शिकारीस व्हाइसरॉय येत असत. त्यांचे नातू करणीसिंह हेही बंदुकीचेच. पण त्यांचा लौकिक झाला तो तबकड्यांवर. 1962 साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत ते पहिल्या क्रमांकासाठी बरोबरीत आले आणि फेरसामन्यात रौप्यपदकाचे मानकरी ठरले. पुढेमागे मिळून पाच ऑलिंपिकमध्ये ते उतरले.

तिकडे नोव्हेंबरात कापणीच्या सणापूर्वी मंडळांचा शेवटचा मोठा मेळावा भरतो, त्यास अद्यापि 'टर्कीची नेमबाजी' म्हणतात. पूर्वी टर्की ओंडक्यामागे बांधून तिच्यावर नेम धरीत. हल्ली तबकड्या फोडावयाच्या, आणि ज्याच्या अधिक फुटतील त्यास बक्षीस म्हणून टर्की मिळते. ती दुकानातून आणलेली असते.