चिनी बरणी आणि नगरी माठ

आमच्या घरी लोणच्याची एक चिनी मातीची बरणी होती. तिच्याकडे नुसते पाहिले तरी आजी ओरडे, "हात लावू नकोस, चिनी आहे ती!" चांगली भांडी चीनमध्ये घडतात आणि आमच्याकडे फुटतात, अशी माझी समजूत झाली. पुढे चिंगदेचेन गावाविषयी वाचले. काओलिंग टेकडीची पांढरी माती, १,३०० अंशांच्या घरातली आच, शतकानुशतके पेटलेल्या भट्ट्या. टिचकी मारली की भांडे घंटेसारखे वाजते म्हणे! समजूत पक्की झाली.

ती मोडली काष्टीला. शनिवारच्या बाजारात मामांना बैल घ्यायचा होता. मला बैलातले कळत नाही, म्हणून त्यांनी मला माठ आणायला पिटाळले. माठातलेही कळत नाही, हे तिथे गेल्यावर कळले.

"वाजवून घ्या की दादा," कुंभारीणबाई म्हणाल्या. मी दार ठोठावावे तसा वाजवला.

"आतून कुनी ओ देनार न्हाई! बोटानं वाजवा. खणखणला तर भाजलाय, बदबदला तर चिरलाय."

मामा पडले निवृत्त मास्तर. परतताना म्हणाले, "ही परीक्षा फार जुनी. घोड नदीपलीकडे इनामगाव आहे ना, तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केले. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर अशी मोठी माणसे! शंभरावर घरे निघाली, आणि कुंभाराची भट्टीसुद्धा. तीन हजार वर्षांपूर्वीची."

तिथली तांबडी, काळ्या नक्षीची भांडी अशी भाजलेली, की टिचकी मारली तर धातूसारखी वाजतात. त्यांना 'जोर्वे' म्हणतात, नगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जोर्वे गावावरून. १९५०-५१ साली तिथे उत्खनन झाले होते. इनामगावात प्रमुखाचे घर मध्यावर, कुंभाराचे पश्चिमेच्या कडेला. एवढी परंपरा मात्र आपण नीट सांभाळली.

मग मामा जरा थांबले. त्या गावात लहान मूल गेले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवत आणि घरातच जमिनीखाली पुरत. सोबत तोटीचे भांडे आणि वाडगा. बाळ तहानलेले राहू नये म्हणून असेल. ते भांडे निवडताना आईने टिचकी मारून पाहिले असेल का, हे मी मामांना विचारले नाही.

माठ धडपणे घरी आला. आता कुणी त्याच्याकडे नुसते पाहिले तरी मी ओरडतो, "हात लावू नका, नगरी आहे तो!"