विंडोज परत घ्या, पैसे द्या! १९९९ मधल्या एका मोर्चाची गोष्ट

आजच्या एपिसोडमध्ये कॅलिफोर्नियातल्या फॉस्टर सिटीला जाऊया. तारीख १५ फेब्रुवारी १९९९. साधारण शंभरेक लोक न वापरलेलं विंडोज हातात घेऊन मायक्रोसॉफ्टच्या ऑफिसवर धडकले. मागणी एकच: हे आम्हाला नको होतं, पैसे परत द्या. ही बहुतेक लिनक्स वापरणारी मंडळी. त्या दिवसाला नाव पडलं 'विंडोज रिफंड डे'.

आता तुम्ही म्हणाल, नको होतं तर घेतलं कशाला? तर, पर्यायच नव्हता. त्याआधीची काही वर्षं मायक्रोसॉफ्टचा कंपन्यांशी करारच असा असायचा की जितके कॉम्प्युटर विकाल, तितक्यांचे पैसे आम्हाला द्या. मग त्यात आमची सिस्टीम असो वा नसो! १९९४ साली अमेरिकी सरकारबरोबरच्या तडजोडीत ही पद्धत बंद झाली. पण सवय कुठे जाते? दुकानातला जवळपास प्रत्येक पीसी विंडोज घेऊनच यायचा.

खरी गंमत लायसन्समध्ये होती. तेच ते, जे आपण सगळे न वाचता 'आय अॅग्री' करतो. त्यात चक्क लिहिलं होतं की अटी मान्य नसतील तर सॉफ्टवेअर वापरू नका, कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीला विचारा आणि न वापरलेला माल परत करून पैसे घ्या. ऑस्ट्रेलियातल्या एका पठ्ठ्याने हे मनावर घेतलं. तोशिबाच्या मागे लागून, बराच पत्रव्यवहार करून त्याने ११० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळवले आणि सगळी हकीकत इंटरनेटवर टाकली. मग काय, ठिणगी पडली.

फॉस्टर सिटीत मायक्रोसॉफ्टवाले तयारीत होते. पार्किंगच्या इमारतीवर त्यांनी मोर्चाचं थंड पेय देऊन स्वागत केलं. पैसे मात्र नाहीत. उत्तर काय, तर 'ज्यांच्याकडून कॉम्प्युटर घेतलात, त्यांच्याकडे जा.' कागदावर बघितलं तर ते बरोबर होतं, हे मान्य करायला हवं. पण हक्क लायसन्समध्ये लिहायचा आणि खिडकी कुठेच उघडायची नाही, याला काय म्हणायचं? 'रिव्होल्यूशन ओएस' या २००१ च्या डॉक्युमेंटरीत तो दिवस बघायला मिळतो, जरूर बघा.

पुढे हे भांडण युरोपात कोर्टात गेलं. फ्रान्समध्ये एकाने २००८ साली ५४९ युरोचा सोनीचा लॅपटॉप घेतला आणि विंडोजचे पैसे मागितले. सोनी म्हणाली, लॅपटॉपच परत करा, पूर्ण पैसे घ्या. फक्त सॉफ्टवेअरचे मिळणार नाहीत. मला इथेच खरा पेच दिसतो. आपण विकत घेतो ती एक वस्तू की दोन? २०१६ साली युरोपच्या न्यायालयाने कौल दिला तो साधारण सोनीच्या बाजूने: ग्राहकाला आधी नीट माहिती दिली असेल, तर असं एकत्र विकणं मुळात गैर नाही, आणि सॉफ्टवेअरची किंमत वेगळी दाखवली नाही म्हणून दिशाभूल होत नाही.

इटलीत मात्र उलटं झालं. एकाने लेनोवोकडे ४२ युरो मागितले. फक्त ४२! खालच्या कोर्टात तो जिंकला. लेनोवोने पैसे देऊन विषय संपवायचा सोडून अपील केलं. २०२० च्या डिसेंबरमध्ये मोंझाच्या कोर्टाने अपील तर फेटाळलंच, वर कंपनीच्या वागण्याबद्दल २०,००० युरो नुकसानभरपाई लावली. त्या भल्या माणसाने त्यातले १५,००० युरो मुक्त सॉफ्टवेअरसाठी काम करणाऱ्या संस्थेला देऊन टाकले.

आपल्याकडे ही भानगड वेगळ्याच वाटेने सुटली. मुंबईत लॅमिंग्टन रोडला (पाटीवर भडकमकर मार्ग, पण तसं म्हणतं कोण!) किंवा ऑनलाइन 'डॉस लॅपटॉप' पाहिला असेलच. त्यात बऱ्याचदा फ्रीडॉस असतं, जिम हॉल यांनी १९९४ साली सुरू केलेली फुकट सिस्टीम. विंडोजचे पैसे भरलेलेच नसतात, मग परत काय मागणार? त्यावर पुढे कोण कुठलं विंडोज टाकून देतो, ते तुम्हालाही माहितीये, मलाही. पण एकच मॉडेल डॉससह आणि विंडोजसह शेजारी शेजारी विकायला असेल, तर दोन्ही किमतींची वजाबाकी करून बघा. जो आकडा फ्रान्समधल्या त्या माणसाला बिलावर वेगळा दिसत नव्हता, त्याचा अंदाज तिथे लागतो.