राष्ट्रपतीच्या निवडणुकीत बँक कुठून आली? : निलंग्याच्या कट्ट्यावरून १९६९कडे

नोव्हेंबर २०२४चा पहिला आठवडा. निलंग्यात बसस्थानकाजवळच्या हॉटेलात आम्ही पाचसहा जण चहा घेत होतो. विधानसभेचं मतदान २० तारखेला होतं. पण त्या संध्याकाळी चर्चा चालली होती ट्रम्प आणि कमला हॅरिस यांची. ५ तारखेला अमेरिकेत मतदान झालं होतं आणि सगळ्यांच्या मोबाइलवर तोच नकाशा. ट्रम्प चीनवर आयातकर लावणार, मग चीन अमेरिकेचं सोयाबीन घेणार नाही, मग आपल्या भावाचं काय होणार, असा एकाचा हिशोब होता.

"तिकडचं ऱ्हाऊ दे," दुसरा म्हणाला, "माझ्या घरात चाळीस पोती पडून हायती. त्याचं बोल."

मग गाडी निलंग्यावर आली. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये क्विंटल आणि बाजारात त्याच्या खालीच सौदे होत होते. प्रचारात एका बाजूने ६,००० रुपयांचं आश्वासन होतं, दुसऱ्या बाजूने ७,०००चं. लाडक्या बहिणीचे १,५०० चालू होतेच. ते एका बाजूला २,१०० होणार होते, तर दुसऱ्या बाजूला महालक्ष्मीचे ३,०००. एक जण म्हणाला, "आकडे सोड, माणूस बघ. रात्री फोन उचलतो का नाही ते बघ." त्यावर दुसरा, "फोन उचलून भाव वाढतो व्हय?"

शेवटी कुणीतरी तो प्रश्न टाकला. "अमेरिकेत लोकं थेट राष्ट्राध्यक्ष निवडतात. धोरण आवडलं नाही की पाडतात. आपल्याला राष्ट्रपतीला मत का देता येत नाही?"

अमेरिकेतही मतं राज्यवार प्रतिनिधींच्या मार्फतच मोजली जातात, हे मी सांगितलं. पण घरी आल्यावर तोच प्रश्न आजोबांना विचारला. ते हसले. म्हणाले, "मत न्हवतं. पण एकदा त्या इलेक्शनीत आपली बँक होती."

०००

आजोबा १९४८चे. १९६९ साली ते एकवीस वर्षांचे होते. तेव्हा मतदानाचं वयही एकवीसच होतं. ते अठरा झालं पुढे १९८९मध्ये. त्यांचं पहिलं मत पडलं १९७१च्या लोकसभेला. म्हणजे १९६९मध्ये ते मतदार होते, पण मत टाकायला निवडणूक नव्हती. होती ती राष्ट्रपतिपदाची, आणि ती आमदार-खासदारांची.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं निधन झालं. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैमध्ये बंगळुरूला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. तिथे दोन विषय होते : पुढचं आर्थिक धोरण काय आणि राष्ट्रपतिपदाचा उमेदवार कोण. ज्येष्ठ नेत्यांच्या गटाने इंदिरा गांधींना बाजूला सारून नीलम संजीव रेड्डी यांचं नाव पुढे केलं. दुसरीकडे पक्षातले 'तरुण तुर्क' बँकांच्या राष्ट्रीयीकरणासाठी भांडत होते. चंद्रशेखर त्यांत होते, आपले मोहन धारियाही होते.

पुढचं सगळं फार वेगाने घडलं. १६ जुलैला इंदिराबाईंनी मोरारजी देसाईंकडचं अर्थखातं काढून घेतलं. १९ जुलैला १४ मोठ्या बँका वटहुकमाने सरकारच्या झाल्या. ज्यांच्याकडे ५० कोटींहून जास्त ठेवी होत्या अशा या बँका; पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्यांतलीच. वटहुकमावर सही कुणाची? हंगामी राष्ट्रपती गिरींची. दुसऱ्याच दिवशी, २० जुलैला, त्यांनी राजीनामा दिला आणि अपक्ष म्हणून राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले.

आता गिरींना मत म्हणजे बँका सरकारजमा करण्याला मत, असा अर्थ लोकांनी लावला. दिल्लीत पंतप्रधानांच्या बंगल्यासमोर रिक्षावाले, टॅक्सीवाले, कामगार यांचे मोर्चे येऊ लागले. यातल्या एकालाही राष्ट्रपतिपदाचं मत नव्हतं. तरी निवडणूक त्यांची झाली होती.

०००

या लढतीतला तिसरा उमेदवार आज आपण विसरलोय, आणि तो मराठी माणूस होता : चिंतामण द्वारकानाथ देशमुख. सी. डी. देशमुख म्हणून जास्त ओळखीचे. महाडजवळच्या नाते गावात १८९६मध्ये जन्म, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नेहरूंचे अर्थमंत्री. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून १९५६मध्ये मंत्रिपद सोडणारे. १९६९ला स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी त्यांना पाठिंबा दिला. हे दोन्ही पक्ष राष्ट्रीयीकरणाच्या विरोधात होते. म्हणून देशमुख झाले 'उजवे' उमेदवार.

पण त्यांच्या कामाची यादी बघा. १ जानेवारी १९४९ला रिझर्व्ह बँक सरकारच्या मालकीची झाली, तेव्हा गव्हर्नर देशमुख. १ जुलै १९५५ला इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, तेव्हा अर्थमंत्री देशमुख. जानेवारी १९५६मध्ये आयुर्विमा सरकारने ताब्यात घेतला, तेव्हाही अर्थमंत्री देशमुखच. म्हणजे १९६९पर्यंत देशात मोठ्या वित्तसंस्था सरकारच्या मालकीच्या करण्याचा सर्वाधिक अनुभव ज्यांना होता, ते गृहस्थ राष्ट्रीयीकरणाच्या विरोधकांचे उमेदवार होते.

गिरींची गोष्टही बँकेशीच येऊन भिडते. ते मूळचे कामगार चळवळीतले. १९५४मध्ये ते केंद्रात कामगारमंत्री होते. बँक कर्मचाऱ्यांच्या बाजूने लागलेला न्यायाधिकरणाचा निवाडा सरकारने बदलला, म्हणून त्यांनी राजीनामा दिला. त्या वेळी अर्थखातं कुणाकडे होतं? देशमुखांकडे. पंधरा वर्षांनी तेच दोघे समोरासमोर आले, पुन्हा बँकेच्याच प्रश्नावर.

आणि रेड्डी? त्यांच्यावर 'भांडवलदारांचा माणूस' असा शिक्का बसला, तो त्यांना उभं करणाऱ्यांमुळे. पुढे १९७७मध्ये हेच रेड्डी बिनविरोध राष्ट्रपती झाले.

हे वाचताना मला आमचा हॉटेलातला वाद आठवत राहिला. माणूस बघायचा की धोरण? १९६९मध्ये माणूस एक सांगत होता, त्याच्या मागचा पक्ष दुसरंच सांगत होता आणि लोकांनी शिक्का पाहून निकाल लावला होता.

०००

मतदान १६ ऑगस्टला झालं. इंदिरा गांधींनी काँग्रेसच्या आमदार-खासदारांना सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यायला सांगितलं. म्हणजे पक्षाचा उमेदवार सोडला तरी चालेल असा इशारा. पहिल्या पसंतीची मतं मोजली तेव्हा गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळालं. जिंकायला ४,१८,१६९ हवी होती. कुणालाच मिळाली नाहीत. मग दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली. बाकी उमेदवार बाद झाल्यावर त्यांची मतं वाटली गेली, त्यातली बहुतेक रेड्डींकडे गेली. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७.

गिरी कोट्याच्या वर गेले ते फक्त १,९०८ने. तेव्हा महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य होतं १४६. म्हणजे हा फरक आपल्याकडच्या तेरा आमदारांएवढा.

हे 'मूल्य' काय प्रकरण आहे, ते आपल्या वयाच्या प्रत्येकाने एकदा समजून घ्यावं. राज्याची लोकसंख्या भागिले आमदारांची संख्या, भागिले हजार. आज महाराष्ट्रात ते १७५ आहे. निलंग्याचा आमदार राष्ट्रपतिपदासाठी मत देतो तेव्हा १७५ मोजले जातात. मात्र यात धरली जाते ती १९७१ची लोकसंख्या : ५ कोटी ४ लाख. घटनादुरुस्तीने हा आकडा गोठवलेला आहे, २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत. म्हणजे २०२२मध्ये द्रौपदी मुर्मू निवडून आल्या त्या हिशोबात मी नव्हतो. माझे वडीलही नव्हते, त्यांचा जन्म १९७४चा. आमच्या घरातून मोजले गेले ते फक्त आजी-आजोबा.

०००

पण आजोबांचं म्हणणं वेगळं होतं. त्यांना आकडे सांगितले तर म्हणाले, "ते दिल्लीचं झालं. हितं काय झालं ते ऐक."

तेव्हा निलंगा तालुका उस्मानाबाद जिल्ह्यात होता. लातूर जिल्हा झाला १९८२मध्ये. १९६९च्या सुमारास देशात बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या आणि त्यांतल्या ग्रामीण भागात जेमतेम १,८३३. बँकांनी दिलेल्या एकूण कर्जात शेतीचा वाटा होता सुमारे दोन टक्के. आमच्याकडे बँक म्हणजे हैदराबाद बँक. निजामाच्या राज्यात १९४१मध्ये निघालेली आणि पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झालेली. ती १९६९च्या आधीच सरकारी होती. म्हणून "राष्ट्रीयीकरण झालं आणि मराठवाड्यात बँक आली" हे वाक्य तितकंसं खरं नाही. बँक होती, पण ती शेतकऱ्याची नव्हती.

पणजोबांचं सगळं सवाई-दिडीवर चालायचं. पेरणीला सावकाराकडून पायली ज्वारी आणायची, खळं झाल्यावर सव्वा नाहीतर दीड पायली परत द्यायची. एक वर्ष पाऊस गेला की पुढची दोन वर्षं ते फेडण्यात जायची. आजीची बोरमाळ चार वेळा गहाण पडली आणि तीन वेळा सुटली, असं आजोबा सांगतात.

गावात सोसायटी होती, पण तिचं कर्ज मोठ्या वाड्यांच्या बाहेर फारसं येत नसे. राष्ट्रीयीकरणानंतरच्या वीस वर्षांत देशातल्या ग्रामीण शाखा ३४ हजारांच्या वर गेल्या. १९७६मध्ये नांदेडला मुख्यालय असलेली मराठवाडा ग्रामीण बँक सुरू झाली. आजोबांना पहिलं बँकेचं कर्ज मिळालं ते १९७९ला, विहिरीवरच्या इंजिनासाठी. दिल्लीतल्या त्या सहीनंतर दहा वर्षांनी.

"म्हणजे फायदा झाला," मी म्हणालो.

"झाला की. पण सावकार गेला न्हाई. बँकेचं नवं-जुनं करायला मार्चमधी पैसा लागतो, तेवा कुणाकडं जातोस?"

यावर मला बोलता आलं नाही. मागच्याच मार्चमध्ये वडिलांनी पीककर्ज भरायला गावातल्याच एकाकडून आठ दिवसांसाठी पैसे घेतले होते, तीन टक्क्यांनी. बँकेत भरले, पुन्हा उचलले, त्याचे परत दिले. कागदावर आमचं कर्ज बिनव्याजी आहे.

०००

पुढच्या बैठकीत मी हे सगळं मित्रांना सांगितलं. चाळीस पोत्यांवाला म्हणाला, "मग मत कुणाला द्यायचं ते सांग ना."

ते मी सांगितलं नाही. पण आम्ही ग्रुपवर एक यादी केली. प्रत्येक उमेदवाराच्या पुढे दोनच रकाने : काय बोलला आणि कशावर सही केली. पहिला रकाना पटापट भरला. दुसऱ्यासाठी जुन्या बातम्या शोधाव्या लागल्या. त्यात आणखी एक गोष्ट सापडली : खाद्यतेलाच्या आयातीवरचा कर सप्टेंबर २०२४मध्ये केंद्राने वाढवला होता, निवडणुकीच्या दोन महिने आधी. आमच्या भावावर परिणाम करणारी ही सही निलंग्यात कुणी केलीच नव्हती. त्यामुळे वाद मिटला नाही, उलट वाढला. पण आता तो निदान सोयाबीनबद्दल होता.

२० तारखेला सगळ्यांनी मतदान केलं. कुणी कुणाला केलं, हे विचारायचं नाही असं ठरलं होतं. चाळीस पोती त्या दिवशीही घरातच होती.

मे २०२५च्या शेवटी दोन बातम्या लागोपाठ आल्या. सोयाबीनचा नवा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर झाला आणि कच्च्या खाद्यतेलावरचा आयातकर पुन्हा खाली आला. ग्रुपवर पोत्यांवाल्याने एकच ओळ टाकली : ६,००० − ५,३२८ = ६७२.

खाली कुणीतरी लिहिलं, "७,०००चं काय?"

त्याचं उत्तर आलं, "ते सत्तेत आले नाहीत. त्यांची वजाबाकी करता येत नाही. रकाना मोकळा ठेव."