अभ्यागत प्राध्यापक आणि अध्यापनाची अपेक्षा

फुलब्राइट अधिनियमावर अध्यक्ष ट्रूमन यांची स्वाक्षरी १ ऑगस्ट १९४६ रोजी झाली. परदेशांत शिल्लक राहिलेल्या अमेरिकन युद्धसामग्रीच्या विक्रीचा पैसा विद्याविनिमयाकडे वळवावा, ही त्यामागील कल्पना होय. हा पैसा त्या त्या देशाच्या चलनात असल्याने तो बहुतांशी तेथेच खर्ची पडणे क्रमप्राप्त होते. भारताशी असा करार २ फेब्रुवारी १९५० रोजी झाला.

अधिनियमाने अध्ययन, संशोधन व अध्यापन ही तिन्ही प्रयोजने मान्य केली. तथापि अध्यापनाचे प्रत्यक्ष स्वरूप यजमान विद्यापीठाच्या घडणीवरच अवलंबून राहिले. खरी अडचण येथेच होती. अमेरिकन प्राध्यापक सामान्यतः आपला पाठ्यक्रम स्वतः आखतो, प्रश्न स्वतः काढतो आणि गुणही स्वतःच देतो. याउलट भारतात १८५७ पासून रुजलेल्या संलग्नतेच्या व्यवस्थेत अभ्यासक्रम मंडळे ठरवीत व परीक्षा विद्यापीठ घेई. शिकविणारा निराळा, परीक्षक निराळा. अशा स्थितीत परीक्षेच्या कक्षेबाहेरील व्याख्यान विद्यार्थ्यास केवळ अलंकारवत् वाटले, तर त्यात नवल नाही. दोष पाहुण्याचा नव्हे, तसा श्रोत्याचाही नव्हे.

२००८ साली नवा करार होऊन ही योजना फुलब्राइट-नेहरू या नावाने उभय सरकारांच्या संयुक्त खर्चाने चालू लागली. खर्चाचा वाटा करारात ठरविता येतो. अध्यापनाचा वाटा मात्र विभागानेच ठरवावयाचा असतो. अभ्यासक्रमात व मूल्यमापनात ज्यास स्थान नाही, तो विद्वान सन्मान्य पाहुणा ठरेल. अध्यापक ठरणार नाही.